मागच्या काउंटरवरचे टाको

ज्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या खानावळीत, पोचायला आधी कांद्याच्या पोत्यांना वळसा घालावा लागतो आणि वर टांगलेला पिन्याटा डोक्याला घासतो, तिथे मी बिनधास्त खाते. कॅलिफोर्नियातल्या पूर्व सॅन होजेत स्टोरी रोड आणि किंग रोडच्या आसपास अशी मेक्सिकन दुकानं बरीच आहेत. पुढे किराणा, एका अंगाला मटणाचा काउंटर, दुसऱ्या अंगाला पैसे गावी पाठवायची खिडकी, आणि पार मागे, मेणबत्त्या नि कपडे धुण्याच्या पावडरीच्या पलीकडे, खाण्याचा काउंटर. फॉर्मायकाची चार टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर कायम कुठली तरी फुटबॉलची मॅच. माझ्या दुकानाचं नाव देत नाही. रविवारी आधीच उभं राहायला जागा नसते.

कपर्टिनो-सनीव्हेलकडची आपली मंडळी 'इकडे' फारशी येत नाहीत. आली तरी मंदिरात जाताना गाडीतून बघतात. पण ही सांता क्लारा व्हॅली कॉम्प्युटरच्या चिपा बनवायला लागण्याआधी जर्दाळू आणि प्रूनच्या बागांची आणि फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची होती. तिथे राबणारी मेक्सिकन कुटुंबं याच पूर्वेकडच्या वस्त्यांत राहिली. शेतमजुरांची युनियन उभी करणारे सेझार चावेझसुद्धा इथल्याच 'साल सी प्वेदेस' वस्तीत राहत होते. आज बागा गेल्या, पण दुपारी बाराला रांगेत उभे असतात ते रंगारी, छपरं घालणारे, दुसऱ्यांच्या बागा राखणारे. बुटांवर सिमेंट वाळलेलं. अर्ध्या तासात जेवून त्यांना कामावर परतायचं असतं. चव बिघडली तर ही माणसं परीक्षणं लिहीत बसत नाहीत. उद्यापासून कोपऱ्यावरच्या टाको-ट्रकवर जातात, बस्स. असल्या गिऱ्हाइकांपुढे स्वयंपाकघराला आळस करता येत नाही.

दुसरं कारण मटणाचा काउंटर. टाकोत जे पडतं ते वीस पावलांवर, त्याच काचेमागे दिसत असतं. मोठ्या परातीत लाल वाटणात मुरत ठेवलेलं डुकराचं मांस, शेजारी संत्र्याच्या चकत्यांत कोंबडी, शेवटी जीभ नि आतडी. मी गाईचं खात नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, लहानपणापासून सवय नाही इतकंच. नवरा मात्र सगळं चालवून घेतो आणि त्याचं ठाम मत आहे की या दुकानातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे 'लेंग्वा', म्हणजे बैलाची जीभ. "तू एकदा खाऊन तर बघ, लोण्यासारखी आहे," हे वाक्य मी दर वेळी ऐकते आणि माझं ताट थोडं लांब सरकवते.

मी खाते ते अल पास्तोर. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी पुएब्ला शहरात उभ्या सळईवर मांस भाजायला सुरुवात केली. पुढे मेंढीच्या जागी डुकराचं मांस आलं, अरबी मसाल्यांच्या जागी ग्वाहियो मिरची आणि आचिओतेचं (शेंदरी रंगाच्या बियांचं) वाटण आलं, आणि मेक्सिको सिटीत त्याचा पास्तोर झाला. आमच्या दुकानात ती उभी सळई, म्हणजे 'त्रोम्पो', फक्त शनिवार-रविवारी लागते. इतर दिवशी पास्तोर मागितला तर तेच मांस तव्यावर परतून देतात. वाईट नसतं, पण पास्तोरही नसतो. तेव्हा कार्निटास मागवावं, चरबीतच मंद शिजवलेलं डुकराचं मांस.

रविवारी मात्र मी मुद्दाम अशा जागी उभी राहते जिथून पास्तोरवाला दिसतो. पन्नाशीचा असेल, डोक्यावर कागदी टोपी. डाव्या हातात दोन मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ मऊ पोळ्या, उजव्या हातात लांब सुरी. सळईच्या भाजून काळपट झालेल्या कडेवरून सुरी वरून खाली फिरते आणि मांसाचे पातळ पापुद्रे थेट तोर्तियात पडतात. सगळ्यात वर अननसाचं अर्धुक खोचलेलं असतं. त्याला सुरीचं टोक लावलं की एक फोड उडते आणि तीही तोर्तियातच झेलली जाते. तो वर बघतसुद्धा नाही, शेजाऱ्याशी मॅचबद्दल बोलत असतो. मांसाची ओली, गुलाबी बाजू दिसायला लागली की सुरी थांबते, सळई पुन्हा जाळाकडे फिरते, आणि रांगेतलं कोणी कितीही चुळबुळलं तरी तो कच्चं कापत नाही.

"कॉन तोदो?" काउंटरवरची बाई विचारते. सगळं घालून? हो म्हणायचं. सगळं म्हणजे बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, एवढंच. चीज नाही, लेट्यूस नाही, कुडकुडीत पिवळं कवच तर नाहीच. बाकीचं स्वतः घ्यायचं: हिरव्या टोमॅटिलोची (टोमॅटोसारखं एक आंबट फळ) साल्सा, वाळक्या चिले दे आरबोलची लाल साल्सा (ही जपून, ती आपल्या लवंगी मिरचीला घाबरत नाही), मुळ्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, व्हिनेगरात मुरवलेले गाजर नि हालापेन्यो. सॅन होजेची म्हणून एक नारिंगी साल्सासुद्धा असते. शहरभर तिची बाटली मिरवतात. मला ती जरा मेयोनेजच्या वळणाची वाटते, पण हे इथे मोठ्याने बोलू नये.

नंबर स्पॅनिशमध्येच पुकारतात. शंभरपर्यंत आकडे शिकून घ्या, नाहीतर तुमचे टाको काउंटरवर गार होतील आणि तुम्ही मॅच बघत बसाल.

दोन तोर्तिया का, तर एक रसाने फुटते, दुसरी सांभाळते. खाली जे सांडतं ते उचलायलाही तीच. आणि मक्याची तोर्तिया मुळात वळते कशी, हे ज्यांनी घरी मक्याच्या पिठाची भाकरी थापली आहे त्यांनी विचारावं. आपली कडेला तडकते, दुमडली की मोडते. इथला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. साल सुटते, दाणा मऊ होतो, आणि मग दळलेल्या पिठाला चिकटपणा येतो. मेक्सिकोत हे हजारो वर्षांपासून चालत आलं आहे. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं, हा त्यातला मोठा फायदा. युरोपने मका नेला पण चुना मागे ठेवला, आणि उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला. दुकानात हे भिजवलेलं ताजं पीठ, 'मासा', पौंडावर विकत मिळतं. सकाळी गेलात तर पिशवी हाताला गरम लागते.

आता बुरिटो. बुरिटो मी तिथे बसून खात नाही, घरी नेते. तोर्तिया गव्हाची, कारण हा पदार्थ उत्तर मेक्सिकोचा, सोनोरा-चिवावाकडचा, जिथे स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू चांगला रुजला. तिकडचा बुरिटो सडपातळ असतो, आत एखादंच कालवण किंवा बीन्स. आपण ज्याला बुरिटो म्हणतो, तो भात, बीन्स, मांस, साल्सा सगळं कोंबलेला नि फॉइलमध्ये गुंडाळलेला दंडाएवढा प्रकार, इथून तासाभरावर सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 1960 च्या दशकात रुळला. सान दिएगोवाले त्यात भाताऐवजी फ्रेंच फ्राइज घालतात. घालोत बापडे.

बुरिटोत वाईट मांस लपतं, भात-बीन्सखाली काहीही खपून जातं. टाकोत लपायला जागा नाही. म्हणून नव्या जागी पहिल्यांदा दोन टाको, आणि ते जमले तरच बुरिटो. पण जमले असतील तर बुरिटो ही मंगळवारच्या रात्रीची उत्तम सोय आहे. अर्धा खायचा, अर्धा दुसऱ्या दिवशी फॉइल काढून कोरड्या तव्यावर चारी बाजूंनी शेकायचा. मायक्रोवेव्हमध्ये नको, तोर्तिया चिवट होते.

मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, पण व्हेज काय मिळेल?" मिळतं, पण विचारून घ्या. बीन्स पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो, आणि काउंटरवरची बाई मनापासून सांगते की यात मांस नाही. तिच्या लेखी खरंच नसतं. "सिन मान्तेका?" असं विचारायचं, म्हणजे चरबीशिवायचं आहे का. अख्ख्या बीन्स, 'फ्रिहोलेस दे ओया', नुसत्या उकडलेल्या असल्या तर बऱ्या, पण त्यांच्याही भांड्यात मांसाचा तुकडा नाही ना, ते विचारा. त्याहून छान म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरच्यांच्या पट्ट्या नि चीज घातलेला टाको, किंवा नोपालेस, म्हणजे निवडुंगाच्या फड्या, काटे काढून परतलेल्या. थोड्या भेंडीसारख्या बुळबुळीत लागतात. ज्यांना भेंडी चालत नाही त्यांनी नाद सोडावा. हंगामात भोपळ्याच्या फुलांची केसादियाही (चीज घालून दुमडलेली तोर्तिया) असते, ती मात्र चुकवू नका.

प्यायला काचेच्या पिंपातलं काही घ्या. लाल अंबाडीच्या बोंडांचं 'हमायका', चिंचेचं, किंवा तांदूळ-दालचिनीची ओर्चाता. ओर्चाता मला फार गोड होते. नवरा दोन ग्लास पितो.

खाऊन झालं की भाजीच्या बाजूला एक चक्कर होतेच. टोमॅटो, मिरची, चिकू, सीताफळ, शेंगदाणे, सगळी आपल्याकडे समुद्र ओलांडून आलेली मंडळी इथे माहेरी असल्यासारखी ऐसपैस बसलेली. राजगिऱ्याची चिक्कीसुद्धा मिळते, 'आलेग्रिया' नावाने, वर मनुका नि भोपळ्याच्या बिया लावलेली. आणि मिळते घोळ, जुडी दीड डॉलरला, जाड देठांची, ताजी. आमच्याकडच्या भारतीय दुकानांत मेथी, पालक, फार तर शेपू. घोळ मी तिथे कधी बघितली नाही. इथे ती 'वेर्दोलागास' म्हणून कोथिंबिरीशेजारीच ढिगाने पडलेली असते.

परवा तीन जुड्या घेतल्या तर गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी वजनकाट्यावर हात तसाच ठेवून विचारलं, हे तुम्ही कसं करता? माझं स्पॅनिश आकड्यांपुरतं, त्यांचं इंग्रजीही तेवढंच, पण स्वयंपाकाला ते पुरतं. मी सांगितलं: तुरीची डाळ, लसणाची फोडणी, वरून हिरवी मिरची. त्यांनी मान हलवली, नाही-नाही, डुकराच्या फासळ्या, टोमॅटिलोची हिरवी साल्सा, घोळ अगदी शेवटी. फासळ्या कुठल्या घ्यायच्या ते दाखवायला मटणवाल्याला हाकही मारली. मागे चार माणसं खोळंबलेली, एकानेही तक्रार केली नाही. उलट तिसऱ्याने मध्येच सांगितलं की त्याची आई त्यात बटाटा घालते, आणि त्यावरून त्या दोघांची जुंपली.

फासळ्या घेतल्या. येत्या शनिवारी करून बघणार आहे, बटाट्याशिवाय. डाळ-घोळ मात्र बाईंना काही पटलेली दिसली नाही.