मर्ज बिनबोभाट, बिल्ड लाल

फोंडा, चवथीच्या आधीचा रविवार

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडच्या दोन शाखा एकत्र करताना (मर्ज) कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने एकही कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये; बिल्ड, म्हणजे कोडमधून सिस्टिम बांधणं, तरीही तुटू शकतो. गिट ओळी जुळवतो, अर्थ नाही. कर्नलमधल्या (सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एखाद्या फंक्शनला एका शाखेत नवं आर्ग्युमेंट मिळालं आणि दुसऱ्या शाखेत पॉवरपीसी या प्रोसेसर-प्रकाराच्या फोल्डरमध्ये त्याचा जुन्या पद्धतीचा कॉल आला, तर मर्ज सुरळीत होतो. एएमडी६४च्या, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट लॅपटॉपच्या, बिल्डमध्ये ती फाइल येतच नाही, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं हिरवं दिसतं. बदललेल्या फंक्शनचं नाव मर्जनंतर गिट ग्रेप या शोधाच्या कमांडने सगळ्या आर्किटेक्चरच्या फोल्डरांत शोधावं. मिनिटाचं काम, पण कुणी करत नाही.

‘मेक टिंडरबॉक्स’ सगळे प्लॅटफॉर्म बांधून कुठला तुटला ते सांगतो, पण लॅपटॉपवर त्याची वाट बघणं कठीण. आधी टार्गेट आर्किटेक्चर एआरएमव्ही७ (३२-बिट एआरएम प्रोसेसर) ठेवून बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकी सिस्टिम बांधणं) आणि बिल्डकर्नल चालवावं. तिथे लाँग आणि पॉइंटर ३२ बिटांचे, शिवाय साधा कॅर (एका अक्षराचा प्रकार) अनसाइन्ड, म्हणजे उणे मूल्य न धरणारा. बहुतेक चुका इथेच उघड्या पडतात.

नेहमीची चूक प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनच्या फॉरमॅटची. ६४-बिट अनसाइन्ड इंटिजर एएमडी६४वर अनसाइन्ड लाँग असतो, एआरएमव्ही७वर अनसाइन्ड लाँग लाँग. त्याला %एलयू दिलं की दुसरीकडे वॉर्निंग येते आणि वॉर्निंग म्हणजे एरर असा फ्लॅग लावलेला असल्याने बिल्ड थांबतो. %एलएलयू करून भागत नाही, मग एएमडी६४ रडतो. मूल्य यूइंटमॅक्स_टी मध्ये कास्ट करून %जेयू वापरावं. साइझ_टी साठी %झेडयू. एएमडी६४च्या बिल्डवर्ल्डमध्ये लिब३२ही (३२-बिट लायब्ररी) बनतं, म्हणून लायब्ररीतली ही चूक घरीच सापडते. कर्नलमधली सुटते.

कमांडचे पर्याय वाचणाऱ्या आणि ते संपले की उणे एक देणाऱ्या गेटऑप्टचं उत्तर कॅरमध्ये ठेवून उणे एकशी तुलना करणारा कोड एक्स८६वर चालतो. एआरएमवर ती तुलना कायम खोटी, लूप संपतच नाही. क्लँग हा कंपायलर तसं बजावतो. तिथे इंट हवा. बिग-एंडियनच्या (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवण्याच्या) चुका मात्र कंपायलरला सहसा दिसत नाहीत. पॉवरपीसी६४वर कोड प्रत्यक्ष चालवावाच लागतो.

समांतर बिल्डचा लॉग शेवटून वाचू नये. खरी चूक बरीच वर असते, खाली बाकीच्या जॉबांचा गलका. वरून पहिला ‘एरर’ शोधावा.

आणि आपल्याकडची वीज! पावसात ती कधी जाईल सांगता येत नाही. फाइलमॉन (कुठल्या फाइली वापरल्या ते टिपणारं) मॉड्यूल लोड करून मेटा मोड (बदललेलं तेवढंच पुन्हा बांधणारा) चालू ठेवला तर अर्धवट बिल्ड पुढे नेता येतो. ही सेटिंग एसआरसी-ईएनव्ही डॉट कॉन्फमध्ये जाते, एसआरसी डॉट कॉन्फमध्ये लिहिली तर लागू होत नाही. वीज आल्यावर आधी शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून पुसाव्यात, नाहीतर त्या फाइली जोडणारा लिंकर भलत्याच ठिकाणी अडतो आणि दोष मर्जवर जातो.