ओले केस, पित्त आणि खिडकीतला थर्माकोल

मागच्या हिवाळ्यात दर रविवारी माझं डोकं दुखायचं. रविवारीच. सोमवार ते शनिवार ठणठणीत, ऑफिस, डबे, मुलीचा अभ्यास सगळं सुरळीत, आणि रविवारी डोक्यावरून आंघोळ करून बाहेर आले की कपाळ ठणकायला लागायचं, मळमळायचं, पायात त्राण नाही.

घरात निदान करणाऱ्यांची कमी नव्हती. सासूबाई म्हणाल्या ओल्या केसांनी घरभर फिरतेस, पाणी मुरतं डोक्यात. नवरा म्हणाला मोबाईल. माझी आई फोनवरून म्हणाली पित्त आहे, उपाशीपोटी चहा ढोसतेस ना. मार्गशीर्ष लागल्यावर गुरुवारच्या उपासावरही ढकलून झालं, आता गुरुवारचा उपास रविवारी कसा बाधतो ते मला विचारू नका. मी पण गुणी सुनेसारखा मोरावळा खात होते. दुपारी बाल्कनीत उन्हात केस वाळवत बसलं की डोकं उतरायचं, त्यामुळे सासूबाईंची थिअरी अजूनच पक्की, "बघ, केस वाळले की थांबतं."

आता बाथरूमबद्दल सांगते. नाशिकची डिसेंबरची थंडी ज्यांना माहितीय त्यांना कळेल. चार बाय सहाचं बाथरूम, त्यात भिंतीवर गॅस गिझर, कारण लाइटबिल वाचतं आणि नळ सोडला की टिक टिक टिक करून लगेच कढत पाणी. वरती काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी, तिच्या दोन पट्ट्या फुटलेल्या आणि तिथून कबुतरं आत यायची, एकदा तर चक्क अंडी घातली. दिवाळीत नवऱ्याने टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मापात कापून तिथे बसवला आणि कडेने ब्राऊन टेप. काम इतकं सफाईदार की मी माहेरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. कबुतरं बंद, गार वारा बंद, आणि दाराखालच्या फटीला सासूबाईंनी पायपुसणं लावलेलं. एकदम उबदार.

आठवडाभराची आंघोळ माझी पाच मिनिटांत उरकते, रविवारी केस धुवायचे म्हणून अर्धा तास. हे गणित माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जानेवारीतला एक रविवार. शाम्पू धुवून झाला होता आणि एकदम वाटलं खाली बसावं. बसले. मग वाटलं दार उघडावं, कडी समोर दिसत होती, हात वर जाईना. घाबरले वगैरे अजिबात नाही आणि आठवलं की मला अजूनही त्याचीच जास्त भीती वाटते, कारण डोकं इतकं सुस्त झालं होतं की जाऊ दे, बसू थोडा वेळ, असंच चाललं होतं. बहुतेक बादलीला लाथ लागली असावी, त्या आवाजाने सासूबाई आल्या, हाका मारल्या, मग नवऱ्याने दाराला खांदा दिला. त्या कडीचे दोन स्क्रू तीन महिन्यांपासून पडलेले होते, बसवून दे म्हणून मी त्याच्याशी किती वेळा भांडले होते. बरं झालं आळशी आहे.

सासूबाईंनी मला टॉवेलात गुंडाळून हॉलमध्ये आणलं. नवऱ्याने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून बोटाला लावला, 99. "ऑक्सिजन एकदम फर्स्ट क्लास, बीपी लो झालं असेल," लिंबूसरबत दिलं. उलटी झाली म्हणून शेवटी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं, पहिला प्रश्न, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" आणि सरळ मास्क लावला. नवरा म्हणाला अहो पण 99 आहे. तेव्हा कळलं की तो आकडाच फसवा होता. बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. बोटाला लावायच्या साध्या मशीनला या दोघांतला फरक कळत नाही, ते बिचारं दोन्ही ऑक्सिजन म्हणूनच मोजतं. खरं कळायला रक्त काढून तपासावं लागतं. साध्या हवेत हा विषारी वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात. म्हणजे बाल्कनीत केस वाळत नव्हते नुसते, मी पण वाळत होते.

आणि वास? काही नाही. सिलेंडरचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, मूळ गॅसला नसतो, हे शाळेत वाचलं होतं. त्या वासावर आपण इतके विसंबून असतो की वास नाही म्हणजे काही नाही. यालाही कोणी वास लावून दिला असता तर पहिल्याच रविवारी घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. गिझर उघडला तर आत काजळी. पेटवून दाखवला, "ताई, ज्योत निळी पाहिजे, ही बघा पिवळी." मी म्हटलं मग बाथरूमच्या आत बसवतातच कशाला? तर म्हणे पुस्तकात लिहिलेलं असतं मोकळ्या हवेत लावा, पण पाइप लांब घ्यावा लागतो, दोन पैसे जास्त, गिऱ्हाईकच म्हणतं आतच ठोक. पुस्तक शोधलं. टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेलं. लिहिलं होतं.

मग मला भूतच लागलं. शेगडीची नळी उलटी करून बघितली, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायची असते, आमची दोन वर्षं आधीच संपलेली. मीटरजवळच्या आरसीसीबीवर, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की लाइट तोडणाऱ्या स्विचवर, टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की लाइट जायला पाहिजे. दाबलं. लाइट गेली नाही. सासूबाईंची गावाकडून आणलेली हीटरची कांडी, पाणी तापलं का ते त्या चालू कांडीच्या बादलीत बोट बुडवून बघतात, "तीस वर्षं बघतेय, मला काही झालं नाही." ती मी माळ्यावर टाकली. त्यावरून दोन दिवस अबोला.

राग मला थर्माकोलचा येत नाही खरं तर, तो फोटो तर मीच टाकला होता. दोन महिने सगळ्यांनी, माझ्यासकट, माझ्यातच खोट शोधली. केस, चहा, मोबाईल, उपास. भिंतीकडे कोणी बघितलं नाही.

गिझर आता ड्राय बाल्कनीत आहे, खिडकीला जाळी लावली, कडी अजून तशीच आहे आणि आता ती कोणी दुरुस्त करायची नाही असं ठरलंय. परवा ऑफिसमधून आले आणि डोकं दुखत होतं. सासूबाई उठल्या, आधी बाथरूममध्ये जाऊन जाळी बघून आल्या, मग बाल्कनीत जाऊन गिझर बघितला, आणि मग येऊन म्हणाल्या, "हे मात्र पित्तच आहे हं."