४४, ४८ की २४? डिझाइन गाइडलाइन्स शेजारी ठेवून वाचताना

वेबसाइट आणि ॲप एकाच धाटणीत करायचं ठरलं की ॲपलच्या ह्युमन इंटरफेस गाइडलाइन्स, गूगलचं मटेरियल डिझाइन आणि डब्ल्यूसीएजी (वेब सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावं यासाठीचे निकष) शेजारीशेजारी उघडली जातात. मग चर्चा अडकते गोल कोपरे आणि सावल्यांवर. खरी गोची आकड्यांत असते.

टॅप करायच्या जागेचंच घ्या. ॲपल किमान ४४ × ४४ पॉइंट म्हणतं, मटेरियल ४८ × ४८ डीपी आणि २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ ला एए या मधल्या पातळीवर २४ × २४ सीएसएस पिक्सेल पुरतात, तेही काही अपवाद सोडून. (पॉइंट, डीपी आणि सीएसएस पिक्सेल ही आयफोन, अँड्रॉइड आणि वेबची स्क्रीनवरची मापं.) हे २४ काठावर पास होण्यापुरतं आहे, अंगठ्याच्या सोयीचं नाही. ४८ धरा, तिन्हीकडे निभावतं. आयकॉन मात्र फुगवू नका: २४ चाच ठेवून चारी बाजूंनी १२ पॅडिंग (बटणाच्या आतली मोकळी जागा) द्या. हमखास होणारी चूक म्हणजे ही जागा मार्जिनने, म्हणजे बटणाच्या बाहेर, सोडणं. दिसायला काहीच फरक नाही, पण मार्जिनवर टॅप लागत नाही.

कॉन्ट्रास्टला, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाला, डब्ल्यूसीएजीच्या एए पातळीवर साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर #७७७७७७ (रंगाचा कोड) हा लाडका करडा ४.४८ वर नापास होतो. एकच पायरी गडद #७६७६७६ घेतला की ४.५४, पास. डोळ्यांना फरक कळतही नाही, म्हणून अंदाजावर न जाता मोजायचं.

मजकूर आयफोनवर १७ पॉइंट, मटेरियलच्या मोठ्या बॉडी स्टाइलला १६ एसपी (अँड्रॉइडचं अक्षरांचं माप) आणि ओळीची उंची २४. परिच्छेदात देवनागरी यात बसते. बटणाची उंची पक्की बांधली आणि वापरणाऱ्याने फॉन्ट मोठा केला, की वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार छाटले जातात. चाचणीला ‘मूर्तींची’ हा शब्द टाकून बघा, वर-खाली दोन्हीकडची कसर लगेच दिसते. उपाय साधा: उंची पक्की नको, किमान उंची आणि वर-खाली पॅडिंग.

रंग, अंतरं, शब्द खुशाल एकसारखे ठेवा. नेव्हिगेशन आणि तारखेचा पिकर (तारीख निवडायची चौकट) ज्या त्या प्लॅटफॉर्मचाच बरा. अँड्रॉइडवर बॅक सिस्टिमच देते, आयफोनवर वर डावीकडे बाण लागतो. वेबवर ब्राउझरचं बॅक असतं. फोनवर पूर्ण स्क्रीन व्यापणारा मोडल (पानावरच उघडणारी चौकट) उघडा ठेवून ते एकदा दाबून बघा. नुसता मोडल बंद व्हायला हवा, बऱ्याचदा अख्खं पानच मागे जातं आणि अर्धा भरलेला फॉर्मही त्यासोबत जातो.