नागपूरच्या उन्हाळ्यासाठी वॉटर कूलिंगचा पहिला संगणक : आखणीचा माझा अनुभव

वास्तुरचनाकारांच्या नकाशांवरून इमारतींची त्रिमितीय चित्रे आणि छोट्या चित्रफिती तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये एखादे मोठे काम रेंडरला लावले, म्हणजे त्याची अंतिम चित्रे काढायला दिली, की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर रात्रभर पूर्ण भाराखाली चालतात. आणि नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत दुपारचा पारा ४२ ते ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा दिवसांत हवेवर थंड होणाऱ्या संगणकाचे पंखे सतत पूर्ण वेगाने फिरतात, शेजारच्या खोलीत झोप लागत नाही आणि तरीही ग्राफिक्स कार्ड तापल्यामुळे आपला वेग कमी करते. म्हणून नवा संगणक घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पाण्याने थंड करणारा, सुटे भाग स्वतः जुळवून केलेला लूप, म्हणजे पाणी फिरवणारे नळ्यांचे बंद वर्तुळ, बसवायचा, असे मी ठरवले. या लेखात मुख्यतः त्याच्या आखणीविषयी सांगायचे आहे, कारण प्रत्यक्ष जोडणी सोपी गेली ती आखणीमुळेच.

भाग कोणते घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी मी दोन आकडे कागदावर मांडले : किती वॉट उष्णता बाहेर काढायची आहे आणि ती किती अंशांच्या हवेत सोडायची आहे. माझ्या यादीत एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०८० हे कार्ड होते. प्रोसेसरच्या खोक्यावर १७० वॉट हा आकडा असला तरी पूर्ण भाराखाली तो सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. कार्डाची मर्यादा ३२० वॉट आहे. म्हणजे एकूण ५५० वॉट. ही सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते. पाण्याने थंड होणारा संगणक खोली कमी तापवतो असा समज पुष्कळांचा असतो, परंतु पाणी उष्णता फक्त वाहून नेते, नाहीशी करत नाही. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. त्या हिशेबाने माझा संगणक एकटाच त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा खाऊन टाकणार होता.

माझ्या कामाच्या खोलीत एसी नाही, खिडकीत डेझर्ट कूलर आहे. विदर्भातला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर उत्तम काम करतो, पण त्याची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. म्हणून संगणकाचे टेबल मी त्या समोरच्या खिडकीखाली घ्यायचे ठरवले, जेणेकरून त्यातून निघालेली गरम हवा खोलीत न फिरता कूलरच्या झोताबरोबर थेट बाहेर जाईल. कूलरमुळे हवा दमट होते, मग नळ्यांवर दव जमेल का, असे मला घरातून विचारले गेले. तसे होत नाही, कारण साध्या रेडिएटरवर (पाण्यातली उष्णता पंख्यांच्या झोतात सोडणाऱ्या जाळीवर) चालणाऱ्या लूपमधले पाणी खोलीच्या हवेपेक्षा नेहमी गरमच असते, आणि दव फक्त हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर जमते.

खोलीचे तापमान कूलर चालू असताना ३२ ते ३६ अंश, आणि वाईटात वाईट दिवशी ३८, असे मी धरले. अनुभवी मंडळींचा एक ठोकताळा आहे : चांगल्या, ३० मिलिमीटर जाडीच्या रेडिएटरच्या प्रत्येक १२० मिलिमीटर भागाने, पंखा मिनिटाला साधारण हजार फेऱ्यांवर असताना, सुमारे १०० वॉट उष्णता काढली तर पाणी हवेपेक्षा दहाएक अंश गरम राहते. तीन पंख्यांचे, म्हणजे ३६० मिलिमीटरचे, दोन रेडिएटर घेतले की असे सहा भाग मिळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ९२ वॉट येतात. यावरून सर्वांत वाईट दिवशी पाणी ४८ अंशांच्या आसपास राहील, असा अंदाज निघाला. लूपमध्ये पाणी फिरवण्यासाठी ज्या डी५ नावाच्या पंपाचा मी विचार करत होते, त्याच्यासाठी पाण्याची मर्यादा ६० अंश सांगितलेली असते. मधल्या बारा अंशांची मोकळीक मला पुरेशी वाटली, पण एकच रेडिएटर घेतला असता तर ती उरली नसती. थंड प्रदेशातल्या लोकांनी दाखवलेली मांडणी इकडे जशीच्या तशी उचलू नये, हे मला या आकडेमोडीनेच पटले.

नळ्यांचा निर्णयही याच आकड्याने केला. वळवलेल्या कडक पारदर्शक नळ्या फार सुंदर दिसतात, पण पीईटीजी हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडू लागते आणि साठ अंशांच्या जवळ जोडातून निसटण्याची भीती असते. अ‍ॅक्रिलिक अधिक उष्णता सोसते, मात्र ते कापताना तडकते आणि पहिल्याच वेळी त्याची वळणे साधणे कठीण. मी आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची काळी ईपीडीएम रबरी नळी निवडली. पारदर्शक मऊ नळीतले, तिला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू पाण्यात उतरते आणि ब्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डावर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या ठोकळ्याच्या, बारीक खाचांत चिकट थर होऊन बसते. ईपीडीएमच्या बाबतीत तो प्रश्न नसतो. दिसण्यापेक्षा रात्रभर निर्धास्त झोपता येणे मला महत्त्वाचे होते.

सगळ्यात जास्त वेळ मी धातूंवर घालवला आणि नव्याने आखणी करणाऱ्या प्रत्येकाने तो घालवावा, असे मला मनापासून वाटते. ऑनलाइन दुकानांत स्वस्त रेडिएटर सहज मिळतात, पण त्यांतले बरेच अ‍ॅल्युमिनियमचे असतात. प्रोसेसर आणि कार्डावरचे ब्लॉक तांब्याचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे असतात. तांब्याचा प्रमाण विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा उणे १.६६ व्होल्ट, हे दोन धातू एकाच पाण्यात आणि एकमेकांशी विजेने जोडलेले असले की त्यांची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. गंजरोधक द्रव्य ही क्रिया मंद करते, थांबवत नाही. म्हणून तांब्याच्या पत्र्यांचे आणि पितळी टाक्यांचे रेडिएटर, पितळी फिटिंग आणि तांब्याचे ब्लॉक याव्यतिरिक्त कोणताही धातू पाण्याला लागू द्यायचा नाही, असे मी ठरवले आणि ज्या विक्रेत्याला धातू कोणता हे सांगता आले नाही, त्याची वस्तू यादीतून काढली.

फिटिंगच्या आट्यांबाबत शेजारच्या काकांची मदत झाली. ते हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिकच्या जोडणीचे काम करत. मी त्यांना विचारले, की नळाला लावतो तशी टेफलॉन टेप यांना लावावी लागेल का. त्यांनी एक फिटिंग हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले, ‘‘बेटा, हे आटे समांतर आहेत. निमुळत्या आट्याला टेप लागते, कारण तिथे आटेच पाणी अडवतात. इथे पाणी ओ-रिंग अडवते. टेप लावशील तर रिंग नीट बसणार नाही.’’ संगणकाच्या लूपमध्ये सर्वत्र जी १/४ हे आटे वापरतात आणि ते हाताने घट्ट होईपर्यंतच आवळायचे असतात. पाना लावून जोर दिला तर अ‍ॅक्रिलिकच्या ब्लॉकला चीर जाण्याची भीती असते.

फिटिंग मोजताना प्रत्येक भागाला दोन तोंडे असतात हे लक्षात ठेवले : प्रोसेसरचा ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर, आणि पंपासह टाकी. म्हणजे दहा फिटिंग, शिवाय सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्यासाठी तीन तोंडांचा एक जोड (टी) आणि बंद-चालू करायचा छोटा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह पुष्कळ जण वगळतात, पण त्याच्याविना पाणी बदलायचे म्हणजे मदरबोर्डच्या वरची नळी सोडवायची, आणि ते मला नको होते.

पाणी आधी कोणाकडे न्यायचे, यावर मी वाचलेली मते एकमेकांविरुद्ध होती, तेव्हा तेही गणिताने तपासले. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ५५० वॉट उष्णता घेऊनही ते पूर्ण फेरीत जेमतेम दोन अंशांनी तापते. म्हणून प्रोसेसर आधी की कार्ड आधी याने फारसा फरक पडत नाही. नळी जिथून जवळ पडेल तसा क्रम ठेवावा. एकच गोष्ट पाळायची : टाकी पंपाच्या ठीक आधी आणि पंपापेक्षा वर हवी. डी५ पंप हवा ओढून स्वतः पाणी खेचू शकत नाही, आणि त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच मिळते, त्यामुळे तो कोरडा चालला तर खराब होतो.

केस, म्हणजे सगळे भाग बसवायची पेटी, म्हणून मी लियान लीचे ओ११ डायनॅमिक निवडले, कारण त्यात खाली, बाजूला आणि वर अशा तिन्ही ठिकाणी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर बसतो. एक रेडिएटर हवा आत घेणारा आणि दुसरा बाहेर टाकणारा ठेवला, तर दुसऱ्याला पहिल्याने तापवलेली हवा मिळते; ज्या खोलीत हवाच ३६ अंशांची, तिथे हा तोटा मला परवडणारा नव्हता. म्हणून खालचा आणि बाजूचा असे दोन्ही रेडिएटर खोलीची ताजी हवा घेतील आणि वर फक्त पंखे गरम हवा बाहेर काढतील, अशी रचना केली. रेडिएटरची ३० आणि पंख्याची २५ मिळून ५५ मिलिमीटर जागा लागते. ती खरोखर उरते का हे पाहण्यासाठी पुठ्ठ्याचे त्याच मापाचे तुकडे कापून केसमध्ये ठेवले आणि नळ्यांच्या जागी जाड दोरी फिरवून लांबी मोजली. खालून हवा घेणाऱ्या केसमध्ये धूळ फार जाते, म्हणून ते जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवले.

प्रोसेसरबाबत मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ७९५०एक्सची बहुतेक उष्णता प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन चिप्समधून निघते, तर आरटीएक्स ४०८०ची चिप सुमारे ३७९ चौरस मिलिमीटरची आहे. इतक्या लहान जागेतून उष्णता बाहेर पडतानाच अडते, त्यामुळे कितीही मोठा रेडिएटर लावला तरी पूर्ण भाराखाली हा प्रोसेसर त्याच्या ९५ अंशांच्या मर्यादेजवळ जातोच. वॉटर कूलिंगचा खरा लाभ ग्राफिक्स कार्डाला होतो. म्हणून मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीज १४२ वॉटवर आणली. रेंडरचा वेग अगदी थोडा घटतो आणि एकूण उष्णता ४६२ वॉटवर येते. रेडिएटर मात्र ५५० वॉटच्या हिशेबानेच ठेवले.

कार्डाचा ब्लॉक घेताना नुसते ‘४०८०’ पाहून चालत नाही. प्रत्येक कंपनीच्या कार्डाचा सर्किट बोर्ड वेगळा असू शकतो, तेव्हा नेमके मॉडेल ब्लॉकच्या यादीत शोधूनच कार्ड घ्यावे. मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लेखी घ्यावे.

पाण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी मी घेतले नाही. रसायनांच्या दुकानातून सीलबंद डिस्टिल्ड पाणी आणले आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक मिश्रण घातले. कूलरच्या वाळ्यावर दरवर्षी बसणारा पांढरा क्षार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बोअरचे पाणी इथे का चालत नाही हे वेगळे सांगायला नको. दुधाळ रंगाची द्रव्येही टाळली, कारण त्यांतले कण खाचांत साचतात.

जोडणीनंतर आधी हवेने चाचणी घेतली : हातपंपाने लूपमध्ये अर्धा बार दाब भरला आणि अर्धा तास काटा हलला नाही, तेव्हाच पाणी भरले. त्यानंतर पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या तोंडाला जंपर लावून फक्त पंप चालवला आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागद ठेवले. हवेचे बुडबुडे केस हलक्या हाताने कलती करून काढावे लागले.

पंखे प्रोसेसरच्या तापमानावर न चालवता पाण्याच्या तापमानावर चालवले. प्रोसेसर क्षणात वीस अंश वर जातो, पाणी सावकाश तापते, त्यामुळे पंख्यांचा आवाज उगाच चढत-उतरत नाही. यासाठी पाण्यात बसणारा सेन्सर आणि त्याची दोन पिनांची जागा असलेला मदरबोर्ड आधीच यादीत धरला होता. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असताना रात्रभराच्या रेंडरनंतर पाणी ४४, कार्ड ५७ आणि प्रोसेसर ७४ अंशांवर होता, आणि पंखे हजार फेऱ्यांच्या वर गेले नाहीत. पाणी ५५ अंशांवर गेले तर संगणक आपोआप बंद व्हावा, अशी व्यवस्था केली आहे. पाणी बदलण्याचे आणि रेडिएटरची धूळ काढण्याचे काम दरवर्षी फेब्रुवारीत, कूलर खिडकीत बसवायच्या आधी करायचे ठरवले आहे.