मालवी कुठे शिकलात?

पुण्या-मुंबईकडची मंडळी इंदूरला आली आणि भाजीवालीशी मी मालवीत घासाघीस करताना दिसले, की हमखास विचारतात, "घरात तर चांगलं मराठी बोलता, मग ही बोली कुठे शिकलात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: रेडिओवर.

आकाशवाणीचं इंदूर केंद्र 22 मे 1955 रोजी सुरू झालं. आजचा मध्य प्रदेश तेव्हा जन्मायचा होता, आम्ही मध्य भारत नावाच्या राज्यात मोडत होतो आणि भोपाळलाही केंद्र नव्हतं. (हे सांगताना इंदूरकराची मान जरा ताठ होते, चालायचंच.) केंद्राची इमारत म्हणजे मालवा हाऊस.

या केंद्रावर खेडुतांसाठीच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी मालवीत गप्पा मारायचे. बियाणं, खत, कीड, मंडीचे भाव, सगळं बोलण्याच्या ओघात. एरवी आकाशवाणीचा सूर सरकारी परिपत्रकाचा. इथे मात्र ओट्यावर बसलेली दोन माणसं बोलतायत असं वाटे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पूर्वी बरीच शेतं पडीक ठेवत. सत्तरच्या दशकापासून तिथे सोयाबीन शिरलं आणि बघता बघता सगळा माळवा व्यापून बसलं. आमच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. तरी आजी पोळ्या लाटता लाटता पेरणीची चर्चा लक्ष देऊन ऐकायची आणि रेडिओवर कुणी शंका काढली, की तिकडून उत्तर यायच्या आत आपलं उत्तर देऊन मोकळी व्हायची. रत्नागिरीची माहेरवाशीण, तीही मालवीत!

मराठीची हौस रात्री भागायची, मुंबई 'ब' केंद्रावर. दिवसा ते लागायचं नाही. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा वरच्या वातावरणातल्या एका थरात जिरतात; सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. मात्र आवाज एकसारखा राहत नाही. नाट्यगीत ऐन रंगात आलं की विरायचं, आणि मधूनच भलतंच केंद्र डोकं वर काढायचं. ट्रान्झिस्टरच्या पोटात तार गुंडाळलेली फेराइटची कांडी असते, ती केंद्राच्या दिशेला आडवी आली तर आवाज नीट येतो. त्यामुळे बाबा अख्खा सेट पोळपाटावरच्या पोळीसारखा फिरवत बसायचे. सूर सापडला की कुणी हलायचं नाही, खोकायचंही नाही.

माझी मालवी मात्र शेतकीच राहिली. कीड, पाऊस, मंडीचे भाव यांवर वाटेल तेवढं बोलेन. साडीच्या दुकानात शिरले की गुपचूप हिंदीवर येते.