चौघं, चार सायकली

मेहकरहून लोणारला आम्ही सायकलनं जायचो तेव्हा चौघांत दोन सायकली असायच्या. एक चालवणारा, एक कॅरिअरवर. चढ आला की मागच्यानं उतरून ढकलायचं, उतार लागला की पळत येऊन टुणकन बसायचं. कोण पुढं नि कोण मागं हा प्रश्नच नव्हता, पुढचा आणि मागचा एकाच सायकलवर. मित्रांबरोबर सायकलनं जाणं म्हणजे काय, याची माझी समजूत तिथंच घट्ट झाली. म्हणून आमच्या टीम लीडरनं ऑफिसात कॉफी पिताना, ‘या ऑगस्टला आपण चौघं मिळून सिकेलवासान करू या’ असं म्हटलं, तेव्हा मी ‘चौघं मिळून’ एवढंच ऐकलं. सिकेलवासान म्हणजे इथली, स्वीडनमधली सायकलींची शर्यत. तिचा ९४ किलोमीटर हा आकडा मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर मी हो म्हणून बसलो होतो.

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगतो. टीम लीडर अस्सल स्वीडिश, बोलण्यात शब्द मोजून आणि सायकलवर वेग मोजून. दुसरा आमचा शेजारी, लहानपणी आईवडिलांबरोबर इराणहून इथं आलेला. तिसरा आमच्याच कंपनीतला कोल्हापूरकर, ज्याला पोहण्यापासून पत्त्यांपर्यंत काहीही हरलेलं चालत नाही. आणि चौथा मी. वय ४३, पोट आहे, सायकल नव्हती.

सायकल जुनी घेतली. पुढं शॉकअप, २९ इंची चाकं, ट्यूबच नाही. टायरमध्ये पांढरं चिकट औषध ओततात आणि काटा घुसला की ते आपोआप भोक बुजवतं. मेहकरच्या पंक्चरवाल्यानं हे पाहिलं असतं तर धंदा गेला म्हणून डोक्याला हात लावला असता. आम्ही गोथेनबर्गला राहतो. (इथली माणसं ‘योतेबोरी’ म्हणतात. स्वीडिशमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यांची भेट क्वचितच होते.) शहराला लागूनच डेलहेनचा तलाव आणि त्याच्या भोवती जंगल आहे. एप्रिलपासून दर रविवारी आम्ही तिथं. झाडांच्या मुळ्या वाटेवर आडव्या पसरलेल्या, पाऊस पडला की साबणासारख्या. पहिल्या महिन्यात मी जितका सायकलवर होतो तितकाच सायकलखाली होतो. शर्यतीची फी मात्र कंपनीच्या पैशातून. इथं कंपनी माणशी वर्षाला ५,००० क्रोनरपर्यंत रक्कम व्यायामासाठी देऊ शकते आणि त्यावर कर लागत नाही. कोल्हापूरकराचं म्हणणं, फुकटात एवढा त्रास दुसरीकडं मिळणार नाही.

आता या शर्यतीमागची गोष्ट, कारण ती आपल्या लोकांना ऐकताना कुठंतरी ओळखीची वाटेल. १५२० च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान यानं स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची कत्तल केली. मारल्या गेलेल्यांत तरुण गुस्ताव वासाचा बापही होता. गुस्ताव दालार्ना या डोंगराळ प्रांतात लपतछपत फिरत होता. त्याच्या सुटकेच्या दंतकथा इथल्या पोरासोरांना पाठ. एका घरातून तो संडासाच्या मार्गानं निसटला, एकदा गवताच्या गाडीत लपला असताना शिपायांनी गवतात भाले खुपसले, वगैरे. मी टीम लीडरला आग्र्याचे पेटारे सांगितले. टीम लीडर थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘पेटारा बरा.’

तर हा गुस्ताव मूरा गावात आला आणि चर्चजवळ लोकांना म्हणाला, उठा. (‘मोरा’ लिहितात, ‘मूरा’ म्हणतात.) लोक उठले नाहीत. निराश होऊन तो पश्चिमेला नॉर्वेच्या दिशेनं निघाला. मग राजाच्या जुलमाच्या बातम्या गावात पोचल्या आणि लोकांना पस्तावा झाला. त्यांनी दोन चांगले स्कीवाले त्याच्या मागं पिटाळले. त्यांनी त्याला सेलेनला गाठलं, असं सांगतात. गुस्ताव परतला, बंड उभं राहिलं आणि १५२३ मध्ये तो राजा झाला. या आठवणीत १९२२ पासून बर्फावर सेलेन ते मूरा ९० किलोमीटरची वासालोपेट ही स्कीची शर्यत होते. पहिल्या वर्षी ११९ जण उतरले होते, आता हजारो उतरतात. त्याच पट्ट्यात उन्हाळ्यात सायकलींची आमची शर्यत.

शर्यत सेलेनहून मूराला येते, म्हणजे गुस्ताव ज्या वाटेनं पळाला ती उलटी. हे मला आवडलं. पळण्याची नाही, परत येण्याची शर्यत.

शुक्रवारी गाडीच्या मागं चार सायकली बांधून निघालो. मूराला पोचायला सहा तास लागले. वाटेत सिल्यान तलाव दिसायला लागला तसा मी शेजाऱ्याला, जरा ऐटीतच, लोणारचं सांगायला लागलो. उल्केनं पडलेलं विवर, बेसॉल्टमधलं, व्यास पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. काठावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. तो म्हणाला, ‘आपण आत्ता तशाच एका विवरात शिरतोय.’ मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. सिल्यान आणि आजूबाजूचे तलाव ज्या वर्तुळावर बसलेत ते जवळजवळ ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताची खूण आहे. व्यास ५० किलोमीटरहून जास्त, युरोपातलं सगळ्यात मोठं. अख्खं मूरा गाव त्याच्या कडेवर. इतकं मोठं की काठ दिसतच नाही, सांगावं लागतं. त्या रात्री माझी झोप उडाली ती शर्यतीच्या भीतीनं की लोणारचा पहिला नंबर गेल्यामुळे, ते नक्की सांगता येणार नाही.

आणि त्याच रात्री दुसरी गोष्ट कळली. टीम लीडरनं चार नंबर टेबलावर मांडले. चौघांच्या निघायच्या वेळा वेगळ्या. आधी शर्यत केलेल्यांना त्यांच्या वेळेनुसार पुढचे गट, नवख्यांना मागचे. तो सगळ्यांच्या आधी, शेजारी मधल्या गटात, मी आणि कोल्हापूरकर शेपटाला.

‘म्हणजे आपण सोबत नाही?’ मी विचारलं.

‘सोबतच आहोत,’ तो म्हणाला. ‘एकाच शर्यतीत.’

मी म्हटलं, थांबणार का कुणी कुणासाठी? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. थांबलं तर मागच्यावर दडपण येतं ना, असं काहीतरी तो म्हणाला. इथं इतकी वर्षं राहून मला ठाऊक आहे की यात तुसडेपणा नसतो. माणसाला त्याचं त्याचं करू देणं हा या लोकांचा मान देण्याचा प्रकार आहे. तरी मला ते लागलंच. कोल्हापूरकरानं खांद्यावर हात ठेवला. ‘भावा, आपण दोघं हाय की. शेवटपर्यंत.’

पहाटे मूराहून बस. सायकली वेगळ्या ट्रकमधून सेलेनला. बसमध्ये वाटभर कुणी बोललं नाही, फक्त केळी सोलल्याचे आवाज. मैदानावर सगळ्यांच्या अंगावर तंग कपडे, तेलाचा वास, आणि फिरत्या संडासांपुढं पंढरपूरसारख्या रांगा. आमच्या गटाची वेळ झाली, दोरी सुटली, शेकडो चेनींचा एकदम ‘करर्र’ असा आवाज झाला. तो आवाज मी विसरणार नाही.

सुरुवातीचा चढ सरेपर्यंत कोल्हापूरकर माझ्या बाजूला होता. स्मोगनच्या पाण्याच्या ठाण्याच्या अलीकडं म्हणाला, ‘भावा, जरा म्होरं होतो. बघू तरी.’ शेवटपर्यंत म्हणजे नऊ-दहा किलोमीटर, हे तेव्हा कळलं.

बहुतेक रस्ता जंगलातला, मुरमाचा, लाकडाचे ट्रक जातात तसला. मध्येच अरुंद पायवाट, मध्येच दलदलीवर टाकलेल्या फळ्या. दोन्ही बाजूंना पाइन आणि स्प्रूस, खाली ब्लूबेरीची झुडपं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. पुढच्याच्या चाकातून उडालेला बारीक मुरूम दातांत, डोळ्यांत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेनमध्ये. मोंग्सबूदार्नाचं ठाणं सोडल्यावर एका चढावर मी उभं राहून पायडल दाबलं आणि पाय रिकामा गेला. चेन तुटली होती.

रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली. बाजूनं लोक जाताहेत, प्रत्येक जण ‘हेया, हेया!’ म्हणतोय, म्हणजे चल, चल. चलू कशावर? माझ्याकडं चेन तोडायचं हत्यार होतं, जोडायची कडी नव्हती. (टीम लीडरनं दिलेल्या यादीत ती होती. मी यादी नीट वाचली नव्हती.) फोन काढला, ठेवला. कुणाला करणार? तिघंही पुढं.

तेवढ्यात एक बाई थांबल्या. साठीच्या असाव्यात. काही विचारलं नाही, पाठीच्या खिशातून एक डबी काढली, त्यातून कडी काढली, माझ्या हातातलं हत्यार घेतलं आणि तीन मिनिटांत चेन जोडून दिली. हात काळे झाले ते चड्डीला पुसले. मी पैसे विचारले तर हसल्या. ‘मूराला भेटू,’ म्हणाल्या आणि चढावर दिसेनाशा झाल्या. मी शोधलं, त्या पुन्हा भेटल्या नाहीत. पण एक सांगतो. बर्फावरच्या मूळ शर्यतीत १९२३ मध्ये मार्गित नूरदीन नावाची पहिली बाई शेवटपर्यंत पोचली आणि पुढच्याच वर्षी बायकांना बंदी घातली गेली. ती उठायला १९८१ उजाडलं. म्हणजे मला कडी देणाऱ्या बाई शाळेत होत्या तेव्हा या वाटेवर त्यांना नंबर मिळाला नसता. त्या दिवशी मला ज्या बायका मागं टाकून गेल्या त्यांची मोजदाद मी तिसावर सोडून दिली.

एवर्त्सबेरी साधारण निम्म्यावर. तिथं गोड पाव, खारवलेल्या काकड्या आणि ब्लोबेर-सोप्पा, म्हणजे ब्लूबेरीचं कोमट, दाटसर सूप. जांभळाच्या रसात साखर घालून आटवलं तर जसं लागेल तसं. एरवी मी त्याला नावं ठेवतो. त्या दिवशी पाच पेले प्यालो. आणि तिथं गवतावर आमचा शेजारी पाय धरून बसलेला. पिंढऱ्यांत गोळे. मला इतका आनंद झाला की तो त्याच्या दुखण्यावर आहे असं त्याला वाटू नये म्हणून मी तोंड लपवलं. त्याला काकड्या आणून दिल्या, पाय ओढून दिला, आणि दोघं निघालो.

पुढचे दहा-बारा किलोमीटर त्या दिवसातले सगळ्यात चांगले. उतार, ऊन पडलेलं, आम्ही बाजूबाजूनं. तो त्याच्या आजीच्या गावच्या डाळिंबांबद्दल बोलत होता. मग चढ लागला आणि त्याचे गोळे परत आले. तो उतरून चालायला लागला. मी पण उतरलो. तो म्हणाला, ‘तू जा.’ मी म्हटलं, छे. तो म्हणाला, ‘जा रे.’

आणि मी गेलो.

तिथून होकबेरीपर्यंत मी स्वतःला कारणं देत होतो. माझं अंग गार पडेल. वेळ संपेल. तो स्वतःच म्हणाला. सगळी खरी होती. लोणारच्या रस्त्यावर मात्र मागच्याला ‘तू जा’ म्हणायची सोयच नव्हती. तो गेला असता तर सायकलही गेली असती.

एल्ड्रिसनंतर वाट वळणावळणाची, झाडांतून. माझे हात हँडलवर आहेत हे मला डोळ्यांनी बघून खात्री करावी लागत होती. शेवटचे दोन किलोमीटर राहिले असतील, मागून कुणीतरी घंटी वाजवली. मी कडेला झालो. शेजारी! गोळे गेले होते, तोंडात अजून काकडीचा तुकडा. ‘डाळिंबं!’ असं ओरडून तो पुढं निघून गेला. मला हसू आवरेना आणि पोटात कळ आली.

मूराच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं. न ओळखणारी, पण छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून हाका मारणारी. माझ्या नावाचे त्यांनी केलेले उच्चार इथं लिहीत नाही. शेवटच्या कमानीवर स्वीडिशमध्ये लिहिलंय, वाडवडिलांच्या वाटेनं, उद्याच्या विजयासाठी. माझे वाडवडील या वाटेला कधी आले नव्हते. मी खाली मान घालून कमानीखालून गेलो. ६ तास ४१ मिनिटं. पहिला येणारा एव्हाना अंघोळ करून, जेवून, झोपला असेल.

कमानीपलीकडं तिघंही उभे होते. टीम लीडर येऊन चार तास झाले होते. अंघोळीलाही गेला नव्हता, चिखल अंगावरच वाळलेला. मी विचारलं, तू थांबलास? तो म्हणाला, ‘नाही, उभा होतो.’ कोल्हापूरकर माझ्याकडं बघायचं टाळत मेडलच्या रिबिनीशी खेळत होता. मग म्हणाला, ‘भावा, रागावू नको, पण पाच पंचावन्न.’

संध्याकाळी लाकडी खोलीतल्या वाफेत चौघं एका फळीवर चिकटून बसलो. कुणी काही बोललं नाही. एवढे जवळ आम्ही दिवसभरात पहिल्यांदाच होतो.

रात्री आईला फोन केला. मेडल दाखवलं.

‘कितवा आला?’

‘ते जाऊ दे. ९४ किलोमीटर आलो, सायकलनं.’

‘ब्बाप्पा! इतल्या लांबून सायकलनं काहून आला? एस.टी. नव्हती का?’

‘होती ना. सकाळी बसनंच गेलो होतो.’

आई जरा वेळ गप्प. ‘मंग?’