चारशे किलोमीटर खंय गेले?

मार्चमध्ये आमची शाळा सकाळची. साडेअकराला सुटते. त्या दिवशी मात्र सातवीची मुलं घरी जाऊन, पेज पिऊन बाराच्या ठोक्याला पटांगणात परत हजर होती.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. एका प्रशिक्षणात नंदुरबार जिल्ह्यातल्या एका सरांशी ओळख झाली होती. नकाशा पाहताना लक्षात आलं की आमच्या दोन्ही शाळा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, एक पार खाली, एक पार वर. तेव्हाच ठरवलं, मुलांनी पृथ्वीचा परीघ मोजायचा. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. सायीनमध्ये, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात उन्हाचा कोन 7.2 अंश भरला. म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन शहरांमधल्या अंतराची पन्नासपट म्हणजे पृथ्वीचा परीघ. ही गोष्ट मी आधी टीव्हीवर व्हिडिओ लावून दाखवली होती. मुलांनी शांतपणे पाहिली, एकानेही प्रश्न विचारला नाही. ती शांतता मला खटकली होती.

20 मार्चला दोन्हीकडे एक मीटरच्या काठ्या रोवल्या. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली धरायची. आमच्याकडे ती पावणेएकच्या सुमारास मिळाली, साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह होत नाही, हे मुलांना त्या खुणांनीच सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. दहा सेंटिमीटरची काठी धरून वहीत त्रिकोण काढला, कोनमापक लावला. 16 अंश. व्हिडिओ कॉलवर नंदुरबारची सावली आली 46 सेंटिमीटर, कोन साडेचोवीस. नकाशावर पट्टी लावून दोन शाळांमधलं सरळ अंतर मुलांनी 605 किलोमीटर काढलं होतं. दोन कोनांमधला फरक साडेआठ अंश धरून त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं साधारण 25,600 किलोमीटर.

‘बाई, पृथ्वी एवढी ल्हान?’

चूक कुठे आहे ते मला सावलीचा आकडा ऐकताच कळलं होतं. ओठांवर आलेलं उत्तर गिळणं हे त्या दिवसातलं माझं सगळ्यात अवघड काम. ज्ञानरचनावादावर, म्हणजे मुलांनी स्वतःच शोधून शिकायचं यावर, मी किती प्रशिक्षणं केली असतील, पण गप्प बसायला खरी शिकले ती त्या दहा मिनिटांत. मुलांनी गुणाकार तपासला, अंतर पुन्हा मोजलं. एकीने विचारलं, ‘पण नकाशा काढणाऱ्यांना तरी अंतर कसं कळलं?’ मग 1802 साली मद्रासजवळ मोजणीच्या साखळ्या टाकून सुरू झालेल्या भारताच्या सर्वेक्षणाची गोष्ट निघाली. विषय भरकटला, आणि मी तो भरकटू दिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा मुलगा थेट मोबाइलसमोर जाऊन उभा राहिला. ‘तुमची काठी वाकडी आसतली. ओळंबो लावल्यात काय?’ पलीकडच्या मुलांना आधी शब्दच कळेना. मग त्याने चपलेचा बंद सोडला, त्याला दगड बांधला आणि लोंबता धरून दाखवला. त्याचे वडील गवंडी आहेत. ‘माझो बापूस म्हणता, डोळो फसता, ओळंबो फसणा नाय.’

नंदुरबारच्या मुलांनी दोरीला दगड बांधला. काठीचं वरचं टोक उत्तरेकडे चांगलं सात सेंटिमीटर कललेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी आमचा गडी वडिलांचा खरा, पितळी ओळंबा घेऊन आला आणि आमचीही काठी तपासून घेतली. सूर्य एका दिवसात थोडा उत्तरेला सरकला होता, त्यामुळे आमची सावली कालच्यापेक्षा किंचित आखूड, आणि काठी सरळ केल्यामुळे त्यांची बरीच आखूड. पण आम्हांला हवा होता तो दोन कोनांमधला फरक, आणि सूर्य सरकल्याने त्यात फरक पडत नाही. आमचे साडेपंधरा अंश, त्यांचे 21. फरक साडेपाच. 605 गुणिले 360 भागिले साडेपाच: 39,600.

दोन्हीकडून एवढा ओरडा झाला की मोबाइलचा आवाज फाटला. मी फळ्यावर ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ लिहिला, साधारण 40,008. ओळंबेवाला पुढे आला, दोन्ही आकडे पाहून हिशेब केला आणि वळून म्हणाला, ‘बाई, चारशे किलोमीटर खंय गेले?’

कोणी म्हणालं सावलीची कड पुसट होती. कोणी म्हणालं कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे होतो. मग फरक सहा धरला तर काय येतं, पाच धरला तर काय, याची आकडेमोड सुरू झाली. 36,300. 43,560. दीड वाजून गेला होता. वर्ग जागचा हलेना.